शंभरातले तेहतीस कुठे गेले?

मला गावात सगळे 'सीए साहेब' म्हणतात. मी सीए नाही. ही गोष्ट सुरुवातीची पाच-सात वर्षे मी भेटेल त्याला सांगत असे. मग ध्यानात आले, की मी जितके नाकारावे तितका समोरचा हात जोडून म्हणतो, "असू द्या साहेब, मोठी माणसं असंच बोलतात." तेव्हापासून नाकारणे सोडले. आमच्या भंडाऱ्यात ज्याच्या गळ्यात नळी तो डॉक्टर, ज्याच्या अंगात काळा कोट तो वकील आणि ज्याच्या शर्टाच्या खिशात दुसऱ्याचे पॅनकार्ड तो सीए. माझ्या खिशात या घडीला चौघांची आहेत.

खरी हकीकत एवढीच, की मी तीन वर्षे एका सीएकडे आर्टिकल होतो आणि इंटरचा दुसरा ग्रुप चार वेळा दिला. पाचव्या वेळेस माझे लग्न निघाले. आता दोन राईस मिल, एक हार्डवेअरचे दुकान आणि एक पतसंस्था यांचे हिशेब पाहतो, ताळेबंद जमवतो आणि सहीसाठी खऱ्या सीएकडे नेऊन देतो. स्वयंपाक माझा, वाढपी ते.

त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात भाचा बारावी कॉमर्सला ७८ टक्के घेऊन पास झाला, तेव्हा ताईचा फोन मलाच येणार होता. "रविवारी ये. पोट्ट्याचं ठरवाचं हाये." आमच्याकडे 'ठरवायचे' हे क्रियापद सोयरिकीसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे मी दचकलो. पण सोयरिकीपेक्षाही अवघड काम निघाले. पोराला अकाउंट्सच शिकायचे होते. प्रश्न असा, की ते कॉलेजात बसून शिकायचे, की कोणाच्या तरी ऑफिसात उभे राहून?

ताईचे गाव मोहाडी आणि तुमसरच्या मधले. रविवारी पोचलो तर छपरीत बैठक भरलेली. कूलरसमोरच्या खुर्चीत नागपूरचे फुफाजी. ते घरचे जावई, म्हणून गार वारा आणि शेवटचा शब्द हे दोन्ही त्यांचे. शेजारी त्यांचा मुलगा, एम.कॉम. होऊन नागपूरच्या एका ऑफिसात जीएसटीची बिले संगणकात चढवणारा. बाकावर शेजारचे निवृत्त गुरुजी. खाटेवर आबाजी, म्हणजे पोराचे आजोबा, चाळीस वर्षे तुमसरच्या एका राईस मिलचे दिवाणजी. भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे, कारण शेतकऱ्याला स्वतःच्या घरच्या बैठकीतही बसायला जागा मिळत नाही. आणि ज्याचे ठरवायचे होते तो भाचा पाण्याचे गडवे आणत होता.

मी सुरुवात केली. म्हटले, सीए व्हायला दोन दारे आहेत. एक बारावीनंतरचे. फाउंडेशन द्यायची. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि मिळून ५० टक्के, आणि दोन पेपरांत चुकीचे उत्तर लिहिले तर मिळालेले गुणही कापतात.

"म्हंजे घरून घेऊन जाच्या?" आबाजींनी विचारले.

मग इंटर, सहा पेपरांची. तिचे दोन्ही ग्रुप निघाले की एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप, मग फायनल. दुसरे दार कॉलेजातून. आधी बी.कॉम. करायचे, ५५ टक्के पाडायचे, मग फाउंडेशन माफ. कॉमर्स सोडून दुसरी कसलीही पदवी असेल तर ६० टक्के पाहिजेत.

"आर्टिकल म्हंजे हा पेपरात लिवणार का?" ताईने आतून विचारले.

मी सांगितले, आर्टिकल म्हणजे उमेदवार. स्टॅम्पपेपरवर करार होतो. सीए शिकवणार, हा शिकणार. माझ्या वेळी तीन वर्षे होती, आता १ जुलै २०२३ पासून दोन केली.

"घट आली," आबाजी म्हणाले. राईस मिलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला जगात कुठेही काही कमी झाले की ती घटच वाटते.

गुरुजी पदवीच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा एकच होता, पण तो बिनतोड होता. "लग्नाच्या पत्रिकेत पोराच्या नावापुढं कंसात काय लिवाल? चिरंजीव अमुक, कंसात बी.कॉम., असं लिवता येते. कंसात आर्टिकल असं लिवलं त पोरीवाले विचारतील, हा कायचा भाग हाय?" यावर बैठकीत बराच वेळ शांतता पसरली. विद्यापीठे कशासाठी असतात यावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, पण कंस भरण्यासाठी असतात हे इतके स्वच्छ कोणी सांगितले नव्हते. आमचे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चे. आधी नुसते नागपूर विद्यापीठ होते, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. नाव एवढे ऐसपैस, की नोकरीच्या अर्जावर विद्यापीठाच्या रकान्यात ते कधीच मावत नाही. शेवटचे 'ठ' नेहमी समासात असते. पण मानाने लिहिले जाते. आणि आता नव्या धोरणात बी.कॉम. तीन वर्षांचे किंवा चार वर्षांचे, आपल्या सोयीने. गुरुजी म्हणाले, चार वर्षांचेच करावे, कंसात 'ऑनर्स' वाढते.

फुफाजी नागपूरच्या बाजूचे. म्हणजे कॉलेज असो की ऑफिस, ते नागपुरात असले पाहिजे. आणि इथे मला तो नियम सांगावा लागला, जो मी सांगायला नको होता.

आर्टिकलला मालकाने दरमहा किमान किती विद्यावेतन द्यायचे हे ठरलेले असते. आणि ते शहराच्या लोकसंख्येवर ठरते. वीस लाखांच्या वरचे शहर असेल तर सगळ्यांत जास्त, चार ते वीस लाखांत मधले, चार लाखांच्या खाली सगळ्यांत कमी. २०११ च्या जनगणनेत भंडारा शहर ९१ हजार ८४५. अख्खा जिल्हा, साती तालुके मिळून, १२ लाख ३३४. नागपूर एकटे २४ लाखांवर. म्हणजे हेच पोर, हाच पेन, हीच टिक. एसटीतून पारडी नाका ओलांडला की महाग.

"असं कसं?" भाऊजी पहिल्यांदाच बोलले. "धानाचा हमीभाव त मोहाडीतही २१८३ अन् मुंबईतही २१८३. पोट्ट्याचा भाव गावाची मुंडकी मोजून?"

"मंग जिल्हा मोजा म्हणा," फुफाजी म्हणाले. "१२ लाख हायेत."

"शहरच मोजतात."

"मोजले कवा?"

"२०११ ला."

"तवापासून जे पैदा झाले ते?"

"ते अजून मोजायचे आहेत."

आबाजींनी तंबाखू चोळता चोळता मान हलवली. "म्हंजे वही तेरा वर्सं जुनी अन् पगार तिच्यावरून. आमच्या सेठनं असं केलं असतं त मी दुसऱ्याच दिवशी मिल सोडली असती." मी त्यांना समजुतीखातर सांगितले, की विलायतेत, जिथून ही आर्टिकलची पद्धत आपल्याकडे आली, तिथे एके काळी मालकाने काही द्यायचे तर सोडाच, उमेदवाराच्या बापानेच मालकाला रक्कम मोजून पोराला कामावर ठेवायची रीत होती.

"हुंडाच की मंग," ताई म्हणाली, आणि इतक्या वेळानंतर पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. गोष्ट तिच्या ओळखीची निघाली होती.

सीएंच्या संस्थेची स्थापना १ जुलै १९४९ ची, हे मी सहज बोलून गेलो. जीएसटीही १ जुलैलाच लागला, २०१७ ला. हे ऐकून भाऊजी चौकट सोडून पुढे आले. त्यांचीही जन्मतारीख १ जुलै. आबाजींचीही १ जुलै. वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून त्या दिवशी राज्याचा कृषी दिनही. एवढे योग एका तारखेला जुळले म्हणजे पोराने सीएच व्हावे असा देवाचा संकेत आहे, असे वातावरण तयार झाले. तेवढ्यात गुरुजी खाकरले.

"देवाचा नोहे. माझा हाय. आबाजींची माझ्या मास्तरनं लावली, भाऊंची म्या. शाळा उघडली की पोट्टे येत. पैदास कवाची म्हणून विचारलं त माय सांगे, रोवण्यात झाला. मंग मी १ जुलै लिवून टाको." एका गावच्या दोन पिढ्यांचे जन्म या गुरुशिष्यांनी एकाच दिवशी घडवून आणले होते. बनावट नोंदी म्हणतात त्या ह्याच, पण पेन्शन त्यांच्यावरच चालू आहे.

पोर मात्र मला एकट्याला गाठून विचारत होते. मागच्या अंगणात, नळाजवळ. "मामा, ऑफिसात शिकवतात तरी काय?"

आता काय सांगावे? पहिले सहा महिने मी झेरॉक्स काढल्या. त्यानंतरचे सहा महिने झेरॉक्स मशीन बिघडले म्हणून बाहेरून काढून आणल्या. दुसऱ्या वर्षी मला हिरवा पेन मिळाला. ऑडिटमध्ये व्हाउचर तपासले की त्यावर टिक करायची, ती हिरव्याने. मी इतक्या टिका केल्या की रात्री झोपेत ताईने पाणी पिणार का विचारले तर मी हवेत टिक करीत असे, असे ती सांगते. पितळी भांड्यांच्या एका दुकानात साठा मोजायला पाठवले. भंडारा पितळेचे गाव, भिंतीला टेकून गुंडांच्या उतरंडी, परातींच्या चळती, घंगाळी. मी दोन दिवस बसून सगळे मोजले आणि दुकानदाराला सांगितले, गुंड ३४० भरले. तो म्हणाला, "हो का? छान. पण वहीत किलो आहेत." आणि मग पुढे म्हणाला, की त्यातली कोपऱ्यातली ढिगारी ही मोडीची, ती विकायची नाही, वितळवायची. बी.कॉम.च्या पुस्तकात 'स्टॉक' हा एक शब्द होता आणि मी तो बरोबर लिहीत असे. त्या दुकानात तोच शब्द पायावर पडला. अंगठ्याचे नख महिनाभर काळे होते.

आणि एक गोष्ट शिकलो. माझे साहेब मोठे अबोल. तीन वर्षांत ते मला जेमतेम पाच वाक्ये बोलले असतील. त्यातले एक असे: "आकडा मागून वाच, आधी अक्षर बघ. शाई बदलली का, हात बदलला का." हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे का, मी पुढे पुष्कळ शोधले.

हे सगळे पोराला सांगितले. त्याने विचारले, "मग पास का नाही झाले?"

पोरांचे हे असते. त्याचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या पंचांगात आहे. त्या वेळी परीक्षा मे आणि नोव्हेंबरमध्ये असत. मे महिन्यात ऊन ४५ वर आणि नात्यात अकरा लग्ने. नोव्हेंबरमध्ये धानकापणी, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई. दिवसा मंडई, रात्री दंडार नाही तर नाटक. संस्थेच्या बोधवाक्याचा अर्थ असा आहे, की सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. मी जागाच असे, पण मंडपात पहिल्या रांगेत. चार प्रयत्नांपैकी दोन मंडईत गेले, एक मावसबहिणीच्या लग्नात, आणि एक मात्र खरोखर कॉस्टिंगमध्ये गेला. आता संस्थेने फाउंडेशन आणि इंटर वर्षातून तीनदा केल्या आहेत. जानेवारी, मे, सप्टेंबर. म्हणजे शंकरपट, लग्नसराई आणि पोळा-गणपती. नापास व्हायला पूर्वी दोन सबळ कारणे होती, आता तीन झाली.

आम्ही छपरीत परतलो तेव्हा आबाजींनी स्वतःच पोराला बोलावले. बाकी सगळ्यांची भाषणे झाली होती. ते चौदाव्या वर्षी मिलमध्ये लागले होते. पहिले वर्ष फक्त बारदाना मोजला आणि दऊत भरली. दुसऱ्या वर्षी मोठ्या दिवाणजींनी रोकड वाचायची आणि यांनी ऐकायचे. खतावणीला हात लावायला तिसरे वर्ष उजाडले, तेही दिवाळीला वहीपूजन झाल्यावर, नव्या वहीच्या पहिल्या पानावर. पगार नव्हता, दुपारचे जेवण होते. सालअखेर तेरीज जुळली तर सेठ धोतरजोडी देई. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ आणि आर्टिकल हा वाद दोन शहरी माणसांचा होता.

"सांग," ते म्हणाले. "शंभर किलो धान गिरणीत गेला. भरडाई होऊन सरकारच्या हिशेबानं सदुसष्ट किलो तांदूळ भायेर आला. तेहतीस कुठं गेले?"

भाचा हुशार. ७८ टक्केवाला. लगेच म्हणाला, "नॉर्मल लॉस."

एम.कॉम.वाल्याने मान डोलावली. मीही डोलावणार होतो.

"लॉस?" आबाजी खाटेवर उठून बसले. "अरे, तूस गेला बॉयलरले, त्याच्यावर उकडा तांदूळ निघते. कोंडा गेला तेलाच्या कारखान्यात. कनकी गेली कोंबड्यायले अन् गरिबाच्या हांडीले. चोरी गेली असंल त तेवढा लॉस. बाकी कायचा लॉस? सेठचा नफा त तेहतिसातच असते, सदुसष्टावर त सरकारचा डोळा असते."

मी कॉस्टिंगच्या पेपरात ज्या प्रश्नावर आपटलो होतो त्याचे उत्तर मोहाडी तालुक्यातल्या एका खाटेवर पडून होते, आणि मला ते कोणी सांगितले नव्हते. आणि मग, का कोण जाणे, माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. सीए फायनलचा निकाल पाहा. पुढे त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के पास झाले. जगातली कुठलीही राईस मिल असा उतारा दाखवील तर तिचा परवाना जाईल. बाकीचे ८६ कुठे गेले? त्यांतले कित्येक पुन्हा बसतात, पास होतात. पण दरवर्षी थोडे थोडे आमच्यासारखे चाळणीतून खाली पडतात. कोणी टॅलीवर बसतो, कोणी मिलचा अकाउंटंट होतो, कोणी सोसायटीचा सचिव, कोणी जीएसटीची रिटर्ने भरून देतो. भंडाऱ्यात खरे सीए हाताच्या बोटांवर मोजावे इतके नसले, तरी मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर जिल्ह्याचे बॉयलर पेटते ते आमच्या तुसावर. हे मी बैठकीत बोललो नाही. स्वतःला कनकी म्हणवून घ्यायला चारचौघांत जीभ वळत नाही.

शेवटी ठरले काय? तेच, जे आमच्याकडे नेहमी ठरते: दोन्ही. भंडाऱ्यातल्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घालायचे, कंसासाठी, आणि फाउंडेशनचा फॉर्म भरायचा, पोटासाठी. आर्टिकल असताना दुसरा कोर्स करायचा तर संस्थेची परवानगी लागते, त्याला ११२ नंबरचा फॉर्म असतो, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेवर आलेली चालत नाही. गुरुजी म्हणाले, "वेळेचं काय, कॉलेजातही त्याले कोन पाहते?" फुफाजींना ते पटले नाही. पण ताईने तेवढ्यात वडाभात वाढायला घेतला, आणि जावयाच्या पानात वडे पडले की त्यांचा विरोध मावळतो हे सगळ्यांना ठाऊक होते.

जुलैत गुरुजींचा फोन आला. आवाजात विजय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली होती. "साहेब, बारावीवाल्याले महिन्याचे सहा हजार, पदवीवाल्याले दहा हजार. म्हंजे पदवीची किंमत सरकारनंच काढून देली. महिन्याले चार हजार!" मी विचारले, किती महिने? "सहा." मी मनात गुणाकार केला. तीन वर्षांची पदवी, चोवीस हजार. त्यांनीही केला असावा, कारण फोन लवकर ठेवला.

पोराने मात्र नेट लावला. फाउंडेशन निघाली. इंटरचा एक ग्रुप पहिल्या झटक्यात, दुसरा दुसऱ्या. त्याने मंडई पाहिली नाही. मला हे थोडे लागले, पण बोललो नाही. मग भंडाऱ्याच्याच एका सीएकडे लागला, कमी लोकसंख्येच्या दराने. नागपूरचे मिळत होते. पण वरठीच्या स्टेशनवर सकाळी गाडी धरायची, रात्री उतरायचे, मग मोहाडीकडची बस मिळाली तर मिळाली. पारडी नाक्यापलीकडे जो भाव वाढत होता तो चहा आणि पासात परत येत होता. हे गणित त्याने स्वतः मांडून दाखवले, दोन रकान्यांत. आबाजींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "झेरॉक्सचा खर्च नाई धरला."

आणि मग भाच्याच्या मोठ्या बहिणीचे लग्न आले.

आमच्याकडे लग्नात अक्षतांपेक्षा अहेराच्या टेबलाला महत्त्व. टेबलावर वही, शेजारी पत्र्याचा डबा. पाहुणा येतो, पाकीट देतो, लिहिणारा ते त्याच्यासमोर फोडतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि नाव-गाव घालून लिहितो. ही वही म्हणजे घराचे खाते. उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की ती काढायची, पान पाहायचे आणि त्याच्यात थोडे वर घालून परत करायचे. जमा आणि नावे हे कुठल्याही कॉमर्सच्या मास्तरापेक्षा आमच्या आयाबायांना चांगले कळते ते यामुळे. लिहायला भाचा बसला, डब्यावर एम.कॉम.वाला, आणि मागे खुर्ची टाकून आबाजी.

रात्री नवरीची पाठवणी झाली. रडून झाले. मांडवात चार ट्यूबलाइट, ते तिघे आणि मी. वहीची बेरीज १ लाख ३८ हजार ४११. डब्यात १ लाख ३८ हजार ३६०. फरक ५१.

एम.कॉम.वाल्याने मोबाईलवर पुन्हा बेरीज केली. तीच. डबा उपडा केला, पाकिटे पुन्हा झटकली. भाचा म्हणाला, "एकावन्नाला नवानं भाग जात नाही. म्हणजे आकडा उलटा लिहिला गेला नाही." आबाजींनी मान वर केली. "हे तुले कोनं सांगतलं?" "पुस्तकात आहे." "आमाले दिवाणजीनं सांगतलं होतं," ते म्हणाले, आणि पुस्तकाबद्दल त्यांचे मत त्या रात्री पहिल्यांदा थोडे सुधारले.

बारा वाजले. मला झोप येत होती. मी म्हटले, "उचंत खाती टाका ५१, सकाळी पाहू." आबाजींनी माझ्याकडे असे पाहिले, की मी दुसऱ्या ग्रुपमध्ये चार वेळा का पडलो हे त्यांना आत्ता कळले असावे. "चाळीस वर्सं तेरीज मिळवली म्या. नातीच्या लग्नात उचंत?"

मग भाच्याने बेरीज सोडली. वही पहिल्या पानापासून नुसती चाळू लागला. आकडे वाचत नव्हता. पाचव्या पानावर थांबला.

"हे अक्षर माझं नाही."

खरेच नव्हते. निळीच शाई, पण अक्षर पाटीवर गिरवल्यासारखे, मोठे, वेलांट्या तुटक. एका लांबच्या नातेवाइकाचे नाव, आणि पुढे ५१. "मी जेवायला गेलो होतो तेव्हा इथं कोण बसलं होतं?"

मांडवाच्या कडेला आजी बसली होती. चौथी शिकलेली. सुपारी कातरत होती. कातरता कातरताच म्हणाली, "म्या लिवलं. तो आला, जेवला, अन् मान खाली घालून निंगून गेला. औंदा त्याचा धान पुरात गेला. काई देलं नाई त्यानं. पन वहीत नाव नाई दिसलं त उद्या कोनी पान पाहीन, अन् त्याच्या पोरीच्या लग्नात इथून कोनी जानार नाई. मंग लिवलं एकावन."

कोणी काही बोलले नाही. आबाजी उठले. बंडीच्या खिशातून पन्नासची नोट आणि एक रुपयाचे नाणे काढले, डब्यात टाकले. नाणे पत्र्यावर वाजले.

"मोज," ते म्हणाले.

एम.कॉम.वाल्याने मोजले. "मिळाली."

आबाजी झोपायला गेले. भाचा मात्र पाचव्या पानावर हिरवा पेन धरून बसला होता. बाकी सगळ्या नोंदींवर टिक झाली होती. एवढ्या एकीवर करायची, की नाही? त्याने वर पाहून मला विचारले.

मी त्याला सांगितले, की मी सीए नाही.